मान दुखणे हे तप नव्हे



चातुर्मास सुरू झाला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. भाज्यांची यादी लहान होते आणि मागच्या रांगेतल्या खुर्च्यांवरून बोलणी सुरू होतात. "एवढ्या वयात खुर्ची?" "आमच्या सासूबाई ऐंशीव्या वर्षीही मांडी घालून बसायच्या." एका ठिकाणी तर सत्तरीच्या आतल्यांनी खुर्ची मागू नये, अशी सूचनाच कानावर आली. मी ६४ वर्षांची आहे. माझा पाठीचा कणा वाढत्या वयापासून वाकडा आहे, त्यामुळे माझी मान दुखते, आणि मी खुर्ची मागते. आजचा लेख त्याबद्दल आहे आणि तो थोडा तिखट होणार आहे.

कणा वाकडा म्हणजे पोक नव्हे. पोक पुढे येतो. हा वाक बाजूला असतो. एक्स-रे समोरून काढला की कणा सरळ दोरीसारखा दिसायला हवा, तो इंग्रजी 'सी' किंवा 'एस' अक्षरासारखा दिसतो. शिवाय मणके थोडे स्वतःभोवती फिरलेलेही असतात, म्हणून पाठीच्या एका बाजूच्या फासळ्या वर आलेल्या दिसतात. याला डॉक्टर स्कोलिओसिस म्हणतात. वाक १० अंशांहून जास्त असेल तरच हे नाव देतात. तो कोन मोजायची पद्धत जॉन कॉब नावाच्या अमेरिकन डॉक्टरांची, १९४८ सालची, आजही तीच चालते. दहा-बारा वर्षांच्या वयानंतर जो दिसून येतो, त्याचे नेमके कारण बहुतेक वेळा सापडत नाही. मुलगी वाकडी बसते म्हणून होत नाही, दप्तर जड म्हणूनही होत नाही.

आता मानेचे काय? मानेत ७ मणके, छातीमागे १२, कमरेत ५. खालचे मणके एका बाजूला झुकले की एक खांदा वर जातो, दुसरा खाली येतो. पण डोळे तर समोर, सरळ रेषेत राहायलाच हवेत, नाहीतर जिना उतरतानासुद्धा तोल जाईल. मग डोके सरळ ठेवायचे काम मान करते. साडेचार-पाच किलोचे डोके, आणि त्याला एका बाजूने दिवसभर ओढून धरणारे मान-खांद्याचे स्नायू. संध्याकाळी तिथे हात लावला की दोरखंडासारखी गाठ लागते. आपण तिथे तेल चोळतो, दोन दिवस बरे वाटते, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गाठ मानेत आहे, पण तिला कामाला लावणारा वाक खाली पाठीत आहे, हे कोणी सांगितलेलेच नसते.

मला ते वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळले. त्याआधी दोन वर्षे मान दुखत होती. एका दवाखान्यात फक्त मानेचा एक्स-रे काढला आणि "मणक्यात गॅप आहे" असे सांगितले. (चाळिशीनंतर ज्या बाईला हे वाक्य ऐकवले गेले नाही तिने हात वर करावा.) गळ्याला पट्टा दिला. तो मी सात महिने घातला, लग्नकार्यात साडीच्या पदराखाली लपवून. आता सगळेच फिजिओथेरपिस्ट सांगतात की पट्टा फार दिवस घातला तर मानेचे स्नायू आणखी दुबळे होतात. शेवटी एका तरुण मुलीने, ती फिजिओथेरपी शिकून नुकतीच बाहेर पडली होती, मला पाठमोरे उभे केले, कमरेतून पुढे वाकायला सांगितले आणि म्हणाली, "काकू, मान नंतर बघू. तुमची पाठ कोणी बघितली आहे का?" मग पूर्ण कण्याचा उभ्याने एक्स-रे झाला. म्हणून माझे पहिले सांगणे हेच. मान वर्षानुवर्षे एकाच बाजूने दुखत असेल, ब्लाऊजची एक बाही सतत घसरत असेल, साडीच्या निऱ्या एका बाजूला खाली येत असतील, तर डॉक्टरांना पाठ दाखवा आणि स्पष्ट विचारा. दरवेळी वाकच निघेल असे नाही. वयाची झीजही असते, आणि लहान वाक असलेल्या कित्येकींना आयुष्यभर काहीच दुखत नाही. पण बघितलेच नाही तर कळणार कसे?

आता मुद्द्यावर येते. मान दुखते असे आपल्यात म्हटले की तीन उत्तरे मिळतात. असाता वेदनीयाचा उदय आहे, समताभावाने भोगा. सहन केले की निर्जरा होते. आणि सनत्कुमार चक्रवर्तींनी सातशे वर्षे रोग सहन केले, तुम्हाला मानेचे काय घेऊन बसलात.

सनत्कुमारांची कथा मीही पाठशाळेतल्या मुलांना सांगते. पण पूर्ण सांगते. ते चक्रवर्तीपद सोडून मुनी झाले होते. वैद्याच्या रूपात आलेल्या देवाला त्यांनी दाखवले की रोग बरा करायची शक्ती त्यांच्या स्वतःपाशीच होती, ती त्यांनी वापरली नाही. हा एका महापुरुषाने समजून उमजून घेतलेला निर्णय होता. सकाळी सहाला उठून पाणी गाळणाऱ्या, आठ जणांच्या पोळ्या लाटणाऱ्या, दुपारी धान्य निवडणाऱ्या आणि सूर्यास्ताच्या आत सगळ्यांचे चौविहार व्हावे म्हणून धावणाऱ्या बाईला ही कथा गप्प बसवण्यासाठी सांगणे, हा त्या मुनींचाही अपमान आहे. आणि निर्जरेचे म्हणाल, तर आपल्याच शास्त्रात सकाम आणि अकाम असा भेद केलेला आहे. नाइलाजाने, कुढत, दात आवळून सोसलेल्या दुखण्याला तप म्हणून खपवायला शास्त्राचा आधार घेऊ नका. कायक्लेश हे बाह्य तपांपैकी एक आहे हे मला माहीत आहे. ते स्वेच्छेने घ्यायचे असते, सासूने किंवा मागच्या रांगेने लादायचे नसते.

खुर्चीवाल्यांवरचा खास आरोप म्हणजे आलंबन दोष. सामायिकचे बत्तीस दोष आपल्याला पाठ असतात. दहा मनाचे, दहा वचनाचे, बारा कायेचे. त्यातला एक आलंबन, म्हणजे भिंतीचा, खांबाचा टेका घेणे. पण पुस्तकातले वाक्य पुन्हा एकदा वाचा. कारणाशिवाय टेका घेणे, असे तिथे आहे. माझ्याकडे कारण आहे, ते एक्स-रेवर अंशांत मोजलेले आहे.

इतकेच नाही. कायोत्सर्गाच्या आधी आपण अन्नत्थ सूत्र म्हणतो. काय असते त्यात? सवलतींची यादी. श्वास, खोकला, शिंक, जांभई, ढेकर, चक्कर, पित्ताने येणारी मूर्च्छा, इतके सगळे झाले तरी माझा कायोत्सर्ग मोडणार नाही, असे आपण आधीच सांगून ठेवतो. ज्यांनी ही रचना केली त्यांनी शरीराला शरीर म्हणून ओळखले होते. पच्चक्खाणातले आगार घ्या. सव्वसमाहिवत्तियागारेणं हा आगार कशासाठी आहे? दुखण्यामुळे चित्ताची समाधी मोडू लागली तर औषध घेता यावे म्हणून. आणि आवश्यक निर्युक्तीत कायोत्सर्गाचे नऊ प्रकार सांगितले आहेत, त्यांत उभ्याने केलेला आहे, बसून केलेला आहे आणि पडून केलेलाही आहे. भद्रबाहूस्वामींच्या नावावरच्या ग्रंथाला झोपून केलेला कायोत्सर्ग चालतो, आणि आपल्याला प्लास्टिकची खुर्ची चालत नाही!

ज्यांना अजूनही खुर्ची म्हणजे आळस वाटतो त्यांच्यासाठी पुण्याचेच उदाहरण देते. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये योग शिकवायला पुण्यात आले आणि २०१४ मध्ये जाईपर्यंत पुण्याचेच राहिले. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ सालची. ज्या माणसाकडे योग शिकायला परदेशातून लोक येत, त्यांनी घडीची लोखंडी खुर्ची, लाकडी ठोकळे, भिंतीतले दोर, पट्टे, घोंगड्या हे सगळे आसनांसाठी वापरात आणले, कारण प्रत्येकाचे शरीर सारखे नसते. स्कोलिओसिस असलेल्यांसाठी त्यांच्या पद्धतीतून पुढे जगभर वर्ग सुरू झाले. त्यांच्या वर्गात खुर्ची वापरली म्हणून योग कमी झाला असे कोणी म्हटले नाही.

आता घराकडे वळू, कारण सामायिक ४८ मिनिटांची आणि स्वयंपाकघर दिवसभराचे.

माझे जावई चाकणच्या एका कारखान्यात आहेत. तिथे एका माणसाने किती वजन किती उंचीवरून उचलायचे, टेबल किती उंच हवे, मान किती वाकवावी लागते, हे बघायला वेगळा इंजिनिअर असतो. कामगाराची मान दुखली की कामाची जागा बदलतात. तळेगाव ते चाकण या पट्ट्यात असे कितीतरी कारखाने असतील. त्याच पट्ट्यातल्या आमच्या घरांत ओट्याची उंची बिल्डर ठरवतो आणि मान दुखली की बाईला बदलायला सांगतात. मी बी.कॉम. आहे, हिशेबाची सवय आहे. घरातल्या गिरणीचा, मिक्सरचा, गाडीचा दुरुस्तीखर्च आपण न कुरकुरता लिहितो. चाळीस वर्षे चाललेल्या मानेचा खर्च लिहायला मात्र सदर नसते. मी माझ्या वहीत सदर उघडले तेव्हा दिसले की तेले, चुंबकाच्या माळा, तीन उशा आणि दोन पट्टे यांवर फिजिओथेरपीच्या चौपट पैसे गेले होते.

तर जे खरोखर उपयोगी पडले ते सांगते. धान्य आणि भाजी निवडणे हे आपल्या घरात इतरांपेक्षा जास्त असते, जीवजंतू बघायचे असतात. ते मांडीत ताट घेऊन करू नका, मान संपूर्ण खाली जाते. टेबलावर पाट, पाटावर ताट, आणि उजेड समोरून. कणीक मळायला मात्र उलटे. ओटा उंच वाटत असेल तर खांदे वर चढतात, म्हणून परात खालच्या टेबलावर घ्या. पाण्याची कळशी एका कमरेवर नको, दोन हातांत दोन लहान भांडी. लोकलने पुण्याला जाताना खांद्यावरची पर्स मी सोडली, पाठीवरची पिशवी घेते. नातवंडे हसतात. हसू द्या.

पोथी वाचायचा सापडा जमिनीवर असतो, म्हणून मान अर्धा-पाऊण तास खाली. मी दोन पाटांवर सापडा ठेवते, पान डोळ्यांसमोर येते. मोबाईलवर प्रवचन ऐकायचे असेल तर तो डब्याला टेकवून उभा करा, हातात धरू नका. वीस मिनिटांनी एकदा उठायचे, सामायिकमध्ये असाल तर तो वेळ उभ्या कायोत्सर्गाला द्या. दोन्ही पायांवर सारखे वजन, हात सैल, हनुवटी किंचित आत. फिजिओथेरपिस्टने मला आधी हेच शिकवले, मी तिला म्हटले की ही तर आमची जिनमुद्रा झाली. तिला गंमत वाटली.

उशीबद्दल सगळ्या विचारतात. कुशीवर झोपल्यावर कान आणि गादी यांमधली पोकळी भरली पाहिजे, नाक छातीच्या मधल्या रेषेत राहिले पाहिजे, इतकाच नियम. आपले दोन्ही खांदे सारखे नसल्यामुळे डाव्या कुशीची उंची वेगळी, उजव्या कुशीची वेगळी लागते. म्हणून महागडी उशी विकत घेऊ नका. पातळ उशी आणि घडी घातलेले टॉवेल, घडी कमी-जास्त करून चार रात्रींत तुमचे माप सापडते. पोटावर झोपणे बंद. गरम पाण्याची पिशवी १५ मिनिटे, झोपण्यापूर्वी. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या. हनुवटी मागे घेणे, पाठीचे पंखे जवळ आणणे, भिंतीला पाठ लावून हात वर सरकवणे, असे साधेच असतात, पण वाकड्या कण्याला डाव्या-उजव्या बाजूचा व्यायाम वेगवेगळा लागू शकतो, तो व्हिडिओ बघून ठरवता येत नाही. यासाठी पुण्याला पळायचीही गरज नाही. आपल्या तळेगावात वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे मोठे रुग्णालय आहे, तिथे हाडांचा विभाग आहे. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन मात्र दुखऱ्या मानेने घरी, आपल्या मनाने करू नका. कणा सरळ होईल ही आशा माझ्या वयात मीही ठेवत नाही. दुखणे निम्म्यावर आले, तेवढ्यात मी पोळ्या लाटते आणि प्रतिक्रमणही करते.

आणि "मणका सरकलाय, एका झटक्यात बसवतो" असे म्हणून मान कडकन फिरवणाऱ्यांपासून लांब राहा. मोठमोठ्या घरच्या बायका त्यांच्याकडे रांगा लावतात हे बघून माझे डोके फिरते. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात, झटक्याने त्या फाटू शकतात आणि पक्षाघात होऊ शकतो. स्कोलिओसिसमधला वाक वर्षानुवर्षे हाडांत घडलेला असतो, तो झटक्याने बसत नाही. बोटांना मुंग्या येणे, हातातून भांडी निसटणे, ब्लाऊजचे हुक लावता न येणे, चालताना पाय अडखळणे, लघवीवर ताबा न राहणे, यांतले काही असेल तर तेल, शेक, माझा लेख, सगळे बाजूला ठेवून हाडांच्या किंवा मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे जा. पर्युषण संपायची वाट पाहू नका.

एक विषय उरला, आणि याच्यावर सगळ्यात जास्त फोन येणार हे मला माहीत आहे. माझा खांदा खाली आहे हे पहिल्यांदा शिंप्याच्या लक्षात आले होते. मी तेरा वर्षांची होते. उपाय काय झाला? फ्रॉकच्या त्या खांद्यात कापडाची गादी शिवली आणि "कोणाला सांगायचे नाही, उद्या स्थळ बघायचे आहे" अशी ताकीद मिळाली. त्या काळी कोणाला फार माहिती नव्हती, त्यामुळे आईला मी बोल लावत नाही. पण आजही हेच चालते याला काय म्हणायचे? मुलीच्या पाठीत वाक दिसला तर आई ओढणी नीट घ्यायला शिकवते. पत्रिका जुळवताना लपवायचे, लग्नानंतर मुलीने लपवायचे, चाळिशीत मान धरली की तिने गुपचूप सोसायचे. एवढ्या लपवालपवीत वेळ निघून जातो, आणि इथे वेळेलाच किंमत आहे. हाडे वाढत असतात तोपर्यंतच पट्ट्याचा उपयोग होतो. पाळी सुरू झाल्यावर दोनेक वर्षांत वाढ थांबत येते, मग उशीर झालेला असतो. अमेरिका आणि कॅनडातल्या मुलांवरचा एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यम वाक असलेल्यांपैकी ज्यांनी पट्टा घातला त्यांतल्या ७२ टक्के मुलांचा वाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, नुसती वाट बघणाऱ्यांत ४८ टक्के. रोज जितके जास्त तास पट्टा, तितका जास्त फायदा. ५० अंशांपुढचा वाक मोठेपणीही दरवर्षी थोडा थोडा वाढत राहतो, म्हणून हा आकडा महत्त्वाचा. आणि मोठा वाक होण्याचे प्रमाण मुलींत मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे.

"पण पुढे संसाराचे काय?" अमेरिकेतल्या आयोवामध्ये उपचार न घेतलेल्या अशा लोकांना ५० वर्षे पुढे पाहत गेले, ते २००३ मध्ये छापून आले. ६१ टक्क्यांना जुनाट पाठदुखी होती, वाक नसलेल्यांत ३५ टक्क्यांना. म्हणजे दुखणे खरे आहे, कोणी नाटक करत नाही. पण एरवी ती माणसे आपापली कामे करत, संसार करत म्हातारी झाली होती. मी स्वतः दोन बाळंतपणे, एक सून, एक जावई आणि चार नातवंडे यांसह इथे बसून लिहिते आहे. स्थळ मोडेल म्हणून मुलीची पाठ लपवणारी आई स्थळ वाचवते आणि मुलीची मान घालवते. आणि वरपक्षाच्या बायकांनो, तुम्हालाही सांगते. सुनेच्या खांद्याचे माप घेणारी माणसे तिच्या दहावीच्या वयात कुठे होती?

शाळा बघेल असे समजू नका. सरकारची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही योजना फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातून, पालघरहून सुरू झाली. चांगली योजना आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत ठराविक दोष आणि आजार तपासतात. त्या यादीत डोळे आहेत, दात आहेत, कान आहेत, कण्याच्या या वाकाचे नाव नाही. सगळ्या मुलांची सरसकट तपासणी करावी की नाही यावर तज्ज्ञांतही दोन मते आहेत. अमेरिकेतल्या समितीने २०१८ मध्ये पुरावा पुरेसा नाही असे म्हटले. ठीक आहे, सरकारने काय करावे ते सरकार ठरवेल. आईने आपल्या मुलीची पाठ बघायला कोणत्या समितीची परवानगी लागत नाही, आणि त्याला एक रुपया खर्च येत नाही.

महिला मंडळात मी मांडले आहे आणि अध्यक्षांनी हो म्हटले आहे. येत्या रविवारी पाठशाळा सुटल्यावर वरच्या खोलीत दहा ते पंधरा वयाच्या मुलींची पाठ बघायची. एक फिजिओथेरपिस्ट ताई येणार आहेत. पुरुष मंडळी खाली थांबतील. मुलीने पाय जुळवून उभे राहायचे, गुडघे ताठ, दोन्ही तळवे जोडून कमरेतून हळूहळू वाकायचे, आणि मागून बघायचे की पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा वर येते का. अर्धे मिनिट लागते. नाव कुठेही लिहिले जाणार नाही, जे दिसेल ते फक्त आईला सांगितले जाईल. मुलींना मागून उघडणारा सैल टॉप घालून पाठवा, केस वर बांधा. खोलीत चार खुर्च्या ठेवायला मी सांगितले आहे, ज्यांची मान दुखते त्या आयांसाठी.

जय जिनेंद्र.